तीन नंबरचं झाकण

१३ जानेवारी, सोमवार

फाटकावरच्या पाटीवर आज २९८ हा आकडा आहे. 'दिवस बुडवणारा अपघात न होता गेलेले दिवस.' एकवीस मार्चला तो ३६५ होईल. त्या दिवशी मेलबर्नहून मुख्य कचेरीची मंडळी येतील, पटांगणात सॉसेज भाजले जातील आणि दोनशे बारा कामगारांना एकेक घडीची खुर्ची भेट मिळेल. मधेच कुणी जखमी होऊन एक दिवस जरी घरी बसला, तर आकडा शून्यावर आणि खुर्च्या रद्द. आमच्या पीच डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा प्रमुख वॉरिक स्टॅनर्ड म्हणतो की यामुळे लोक एकमेकांची काळजी घेतात.

मला मुख्य कचेरीनं इथे पाठवलंय ते प्रशिक्षणासाठी. पीचचा हंगाम सुरू झालाय, बागांतून ट्रक येतायत, आणि आज मी पहिल्या पाळीला सुरक्षेची चौसष्ट पानं पडद्यावर दाखवली. अकरा जण झोपले. बारावा घोरत होता, तो पर्यवेक्षक निघाला.

वॉरिक नंतर म्हणाला, "लिंडन, गड्या, लोकांना जरा गुंतव. वरच्यांना 'सहभाग' हवाय. काय वाटेल ते कर, फक्त फळांचा पट्टा थांबता कामा नये."

मी कॅरव्हॅन पार्कात एक खोली घेतली आहे. सोबत माझे त्रेचाळीस पटखेळ आहेत. घटस्फोटात बायकोनं घर घेतलं आणि मी खेळ घेतले. तेव्हा सौदा बरा वाटला होता. इथे दोन्ही बाजूंनी मीच खेळतो, त्यामुळे हरल्याचं दुःख निम्मं होतं. आज खेळता खेळताच डोक्यात आलं की माणूस व्याख्यानात झोपतो, पण फासा हातात असताना झोपत नाही.

सुरक्षेचा पटखेळ करायचा.

१९ जानेवारी, रविवार

पट तयार झाला. साठ घरं. पहिलं घर 'बाग', शेवटचं घर 'डबा'. जो आधी डब्यात जाईल तो जिंकला. खेळाचं नाव 'सुखरूप डब्यात'. धोके चिठ्ठ्यांवर लिहिलेले, काही चिठ्ठ्या अजून कोऱ्याच. धोका ओळखला की दोन घरं पुढे, तो कळवला की आणखी दोन घरं पुढे, अपघात झाला की परत बागेत.

सोंगट्यांसाठी पीचच्या बिया घेतल्या. कल्पना माझीच. आमच्याकडे दिवसाला कित्येक टन बिया निघतात, सहा गेल्या तर काय बिघडतं. रंगवायला औषधाच्या दुकानातून नखांचे सहा रंग घेतले. गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, "मुलीसाठी?" मी म्हणालो, "नाही, कामासाठी." त्यावर तिनं मला चकाकीचा एक रंग फुकट दिला आणि म्हणाली, "जपून राहा हं."

देशपातळीवर उत्कृष्ट प्रशिक्षणाचा एक पुरस्कार असतो. अर्ज मागवून ठेवला आहे. उगीच आपला.

२८ जानेवारी, मंगळवार

पहिला डाव. वेळ दहाची, म्हणजे सगळे चहाच्या सुट्टीला बसतात तेव्हाची. तिला इथे स्मोको म्हणतात. वीस मिनिटं असते आणि त्यात लोक नुसता वेळ घालवतात: चहा, सिगारेट, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सामोआ बेटांवरून आलेल्या सामोअन मंडळींचा सुईपी नावाचा पत्त्यांचा डाव. पत्ते असे आपटतात की टेबलाची खुर्ची व्हावी. खेळाची एवढी आवड असलेल्या लोकांना खेळातून शिकवायला कोण आलं होतं? मी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं? सुतक.

बिया काढणाऱ्या यंत्रांच्या विभागाची मुकादम नोलीन. वय साठच्या घरात, आवाज खरवडल्यासारखा. तिनं मला बाजूला घेतलं. "राजा, या गावात माणसाची बायको पळवलीस तरी लोक वर्षभरात विसरतील. स्मोको पळवू नकोस."

मी म्हटलं, खेळ हा विरंगुळाच आहे.

"विरंगुळा कसला तो तू ठरवायचा नसतो."

तरी सहा जण बसले. त्यात लुपे होती. तीन नंबरच्या यंत्रावरची बाई, इथला एकोणिसावा हंगाम, आणि सुईपीत तिला म्हणे कुणी हरवत नाही. मी नियम सांगितले आणि विचारलं, "समजलं का?" तर तिनं नुसत्या भुवया उडवल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा भुवया. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, हातवारे करून सांगितलं. तोवर बाकीचे पाचही जण माझ्याकडे दयेनं बघायला लागले होते. लुपेला थोडं उशिरा कळतं हे त्यांना माहीत असावं.

चौथ्या फेरीत तिनं विचारलं, "मी धोका कळवला. दोन घरं पुढे गेले. मग?"

"मग पुढच्याची पाळी."

"आणि धोका?"

"तो मागे राहिला ना. तू पुढे गेलीस."

"पण दुरुस्त कोण करतं? साहेबलोकांची सोंगटी कुठली?"

मी समजावलं की व्यवस्थापन खेळ चालवतं, खेळत नाही. टेबलाभोवती मोठा हशा पिकला. पहिल्याच दिवशी हशा म्हणजे सहभाग. टिपणात तसं नोंदवलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज कुणीच आलं नाही. मी पट मांडून, बिस्किटं ठेवून बसलो. पलीकडे सुईपी रंगला होता. बिस्किटं मात्र संपली. कुणी नेली ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नोलीन कचेरीत आली, खुर्ची ओढून बसली आणि तडजोड सांगितली. खेळ कामाच्या वेळात, प्रत्येक पाळीत अर्धा तास, आळीपाळीनं. स्मोकोला हात लावायचा नाही. वॉरिकला अर्ध्या तासाच्या कल्पनेनं घाम फुटला, पण मुख्य कचेरीला मी आधीच फोटो पाठवले होते आणि त्यांना ते फार आवडले होते. त्याला हो म्हणावं लागलं.

जाता जाता नोलीननं विचारलं, "त्या कोऱ्या चिठ्ठ्या आहेत ना तुझ्या खेळात? त्या आम्ही भरल्या तर?"

मला भरून आलं. हंगामाच्या ऐन धामधुमीत या बाईला माझ्या कोऱ्या चिठ्ठ्या आठवल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणणारे म्हणोत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मन खट्टू आहे. सविस्तर लिहितो.

चोवीस जणांना चिठ्ठ्या वाटल्या. सांगितलं की प्रत्येकानं एक काल्पनिक धोका लिहायचा. 'काल्पनिक' हा शब्द फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. नोलीननं हात वर केला. "खाली नाव, तारीख आणि सही घालूया का? नाहीतर सहभाग मोजणार कसा?" किती पद्धतशीर बाई. मी सगळ्यांना नाव, तारीख, सही घालायला लावलं.

आणि चिठ्ठ्या वाचल्या तर काय. एकीवर 'वॉरिकची गाडी मागे घेण्याची पद्धत'. एकीवर 'स्मोकोत येणारा लिंडन'. एकीवर पेट्यांच्या ढिगाखालचा तपकिरी साप, हा एक त्यातल्या त्यात बरा. दोन कोऱ्या. आणि उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्यांवर एकच धोका. तीन नंबरच्या यंत्राचं पिवळं झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबायला हवं, ते थांबत नाही. गेल्या हंगामात झाकण जरा हललं तरी यंत्र बंद पडायचं, म्हणून दुरुस्तीवाल्यानं 'तात्पुरतं' म्हणून बटणाला लोहचुंबक लावून चिकटपट्टी मारली, ती तशीच आहे. अडकलेलं फळ काढायला हात घालावा लागतो आणि आत पातं फिरत असतं. एकानं तर चित्र काढलं होतं.

एकोणीस माणसं आणि कल्पना एक. याला कल्पनाशक्तीचा दुष्काळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? हे एकमेकांचं बघून लिहितात, शाळेतल्यासारखं.

लुपेची चिठ्ठी सगळ्यांत नीटस अक्षरात होती. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "हे काय, खरंच असं आहे का?" तिनं भुवया उडवल्या. तिलाही नवलच वाटलं असावं. मी विषय सोडला.

संध्याकाळी वॉरिकला चिठ्ठ्या दाखवल्या, हसण्यासाठीच. तो पहिल्या दोन-तीनला हसला. मग एकेक बघत गेला आणि हसायचा थांबला. "या अजून कुणी पाहिल्या?"

"कुणीच नाही."

"तुझ्या कपाटाला कुलूप आहे ना? त्यात ठेव. आणि चिठ्ठ्यांचं तू मनावर घेऊ नकोस, मी मुख्य कचेरीकडून छापील मागवतो. रंगीत." नंतर दार लावता लावता म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत ते यंत्र उघडायला वेळ नाही रे. तुला काय, कळतंच."

माझ्या खेळाचे कागद कुलपात ठेवावे असं वाटणारा हा पहिला माणूस. आपल्या कामाची कुणाला तरी कदर आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

छापील चिठ्ठ्या आल्या. काय सुरेख कागद. 'ओली फरशी.' 'अर्धवट उघडा खण.' 'बुटाची सुटलेली नाडी.' आजच्या डावात नाडीची चिठ्ठी निघाली आणि लोक पाच मिनिटं हसत होते. एक जण तर डोळे पुसत होता. एवढं काय विनोदी ते मला कळलं नाही. सगळ्यांच्या पायांत नेहमीचे रबरी बूट होते.

पुरस्काराच्या अर्जात लिहिलं, 'सहभागींचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

४ मार्च, मंगळवार

अकराच्या सुमाराला तीन नंबर थांबलं. आवाज बंद झाल्यावर कळलं की तो किती मोठा होता.

लुपेचा हात. उजवा. दोन बोटं, पहिल्या पेरापासून. नोलीननं स्वतःचं जाकीट तिच्या हाताभोवती गुंडाळून तिला धरून बाहेर आणलं. लुपे रडत नव्हती. पट्ट्यावरून पीच येत राहिले आणि जमिनीवर पडत राहिले, कारण पट्टा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मी बंद केला. तेवढंच माझ्याकडून झालं.

पाच मिनिटांत वॉरिकनं पट्टा सुरू करायला लावला.

संध्याकाळी त्यानं नोंदवहीत लिहिलं ते मी पाहिलं: 'बोटाला कापलं. प्रथमोपचार.'

५ मार्च, बुधवार

पाटीवर ३४९. मी दोनदा वाचलं.

लुपे कामावर आली होती. म्हणजे आणली होती. सात वाजता कंपनीची गाडी तिला इस्पितळाच्या दारातून घेऊन आली. वॉरिकनं मला बोलावून सांगितलं, "तिला तुझ्या खोलीत बसव. काहीतरी हलकं काम दे, बसल्या बसल्या. कामावर हजर आहे म्हटल्यावर दिवस बुडला नाही. बुडला नाही म्हणजे पाटी चालू. दोनशे अकरा लोकांच्या खुर्च्यांचा प्रश्न आहे, गड्या."

असा हिशेब मला सुचला नसता. म्हणून तो प्रमुख आहे आणि मी नाही.

मी तिला चिठ्ठ्या कापायचं काम दिलं. छापील कागदावर बारा-बारा चिठ्ठ्या असतात, त्या सुट्या करायच्या. कात्री डाव्या हातात तिला नीट धरता येत नव्हती. दुखण्याच्या गोळ्यांनी तिची मान मधून मधून खाली जायची, मग दचकून पुन्हा कापायची. दुपारपर्यंत तिनं 'बुटाची सुटलेली नाडी' चौदा वेळा कापली, सगळ्या वेड्यावाकड्या. मी काही बोललो नाही. एवढी माणुसकी माझ्यात आहे.

१० मार्च, सोमवार

पाच दिवस झाले, लुपे माझ्या खोलीत आठ-आठ तास बसते. चिठ्ठ्या संपल्या. आज मीच म्हटलं, खेळूया. तिनं डाव्या हातानं फासा टाकला आणि सलग तीनदा मला हरवलं.

मी विचारलं, "हात दुखतोय का?" तिनं भुवया उडवल्या. मी म्हटलं, "नसेल दुखत तर छानच."

नोलीन दारातच उभी होती, स्मोकोतला कप हातात घेऊन. "लिंडन, ती हो म्हणतेय."

"काय?"

"भुवया वर म्हणजे हो. सामोअन लोकांत हो असंच म्हणतात. तोंड कशाला झिजवायचं? दोन महिने झाले तुला इथे. तुला वाटलं काय होतं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही.

लुपे म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी तीनदा हो म्हटलं. मला वाटलं, हा बहिरा आहे." आणि हसली. त्या प्रकारानंतर पहिल्यांदा.

मग तिनं जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. मी कपाट उघडलं. तिनं स्वतःची शोधून काढली, वाचली, परत ठेवली, सगळ्यांत वर. "सुईपी खेळता येत नाही आता," ती म्हणाली. "पत्ते धरायचे एका हातात, टाकायचे दुसऱ्या. मला एकच उरलाय." तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावं तसं.

जाताना नोलीननं खिशातून न रंगवलेली एक बी काढली आणि पटावर 'बाग' या घरात ठेवली. "ही साहेबलोकांची. तुझी पण हीच. बघ हलते का."

१३ मार्च, गुरुवार

आज सरकारी सुरक्षा निरीक्षक आल्या, न कळवता. नेरिडा नावाच्या बारीक चणीच्या बाई, पायांत त्यांचे स्वतःचे रबरी बूट. कुणीतरी फोन केला असावा. वॉरिक मेलबर्नला एकवीस तारखेच्या समारंभाचं ठरवायला गेला होता. त्यामुळे मीच पुढे झालो.

त्यांनी तीन नंबर पाहिलं. चुंबकाचे, चिकटपट्टीचे फोटो घेतले. मग माझ्या खोलीत आल्या तर कोपऱ्यात लुपे. "या इथे काय करतात?"

"हलकं काम," मी म्हणालो.

"काय काम?"

काम तर संपलं होतं. मी म्हणालो, "हजर असतात."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला जरा अवघडल्यासारखं झालं म्हणून मी खेळ दाखवला. त्या खाली बसल्या, पट नीट न्याहाळला. इतक्या आस्थेनं आजवर कुणी न्याहाळला नव्हता. "चिठ्ठ्या लोकांनी स्वतः लिहिल्यात?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहात सगळं सांगितलं आणि कपाट उघडून गठ्ठा हातात दिला. त्यांनी एकोणीस चिठ्ठ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"यावर बारा फेब्रुवारी ही तारीख आहे. सह्या आहेत."

"ती मुकादमबाईंची सूचना. सहभाग मोजायला."

"हुशार आहेत बाई," त्या म्हणाल्या. "बारा तारखेला या तुमच्या हातात होत्या. तुम्ही कुणाला दाखवल्या?"

"आमच्या प्रमुखांना. त्याच संध्याकाळी."

"ते काय म्हणाले, आठवतं का?"

"आठवायचं कशाला? मी रोज दैनंदिनी लिहितो. त्यात शब्दन्‌शब्द असतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उद्या ती बघायला मिळेल?"

मी म्हणालो, अवश्य. माझं लिहिलेलं कुणी वाचायला मागण्याची ही पहिलीच वेळ. अक्षर चांगलं आहे हेही सांगितलं.

चारला वॉरिकचा फोन. मी सगळं सांगितलं. वही दाखवायचं कबूल केलंय तेही.

"वही? कसली वही?"

"रोजची. खासगी."

"खासगी म्हणजे खासगीच ना. हे बघ, लिंडन. मी आत्ता इथे वरच्यांशीच बोलत होतो. तुझा खेळ सातही कारखान्यांत न्यायचा म्हणतायत. तू मेलबर्नला, स्वतंत्र खोली, हाताखाली चार माणसं. पुरस्काराला तुझंच नाव जातंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कॅरव्हॅन पार्कात वह्याबिह्या हरवतात रे. कुणी दोष देत नाही."

सात कारखाने. चार माणसं. त्या चौघांबरोबर जेवणानंतर खेळताही येईल.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळी

बाहेरच्या बाकावर बसून ही वही पहिल्यापासून वाचली. द्यायची तर शुद्धलेखन तरी बघून द्यावी, असा विचार होता.

बारा फेब्रुवारीपाशी थांबलो. 'मी तिला एकटीला गाठून विचारलं, हे काय, खरंच असं आहे का? तिनं भुवया उडवल्या.'

मी विचारलं होतं आणि तिनं हो म्हटलं होतं. तिची दहाही बोटं तेव्हा जागेवर होती. मध्ये वीस दिवस होते. चुंबक काढायला एक मिनिट लागतं, काल निरीक्षकबाईंनी नखानं काढला.

एकोणीस जणांनी एकमेकांचं बघून लिहिलं नव्हतं. माझ्याशिवाय प्रत्येकानं ते यंत्र बघितलं होतं, एवढंच.

मला लाज वाटते.

पान फाडायला सोपं आहे, बरोब्बर मधल्या दोऱ्याजवळ येतं. दोनदा धरलं. त्या पानावर वॉरिकचं बोलणं आहे आणि माझंही. कल्पनाशक्तीचा दुष्काळ म्हणणारा मीच. फाडलं तर आम्ही दोघेही सुटतो आणि मी मेलबर्नला जातो. ठेवलं तर निरीक्षकबाई, नंतर कदाचित कोर्ट, आणि सगळं गाव वाचणार की हा गाढव बिस्किटं मांडून बसला होता.

तेही वाचतील. नखांच्या रंगाचंही वाचतील.

नऊ वाजले. निघतो. पानं मोजली, सगळी आहेत. शुद्धलेखनही ठीक आहे.

२१ मार्च, शुक्रवार

जुनी वही अजून सरकारात आहे. ही नवी, औषधाच्या दुकानातून घेतली. त्याच बाईनं दिली.

पाटीवर आज १७. आकडा बदलायला वर चढला होता तो दुरुस्तीवालाच. तीन नंबरला सरकारी मोहोर आहे. वॉरिक 'रजेवर' आहे, त्याच्या दारावरची पाटी मात्र कामावर आहे. लुपे आता घरी असते, पूर्ण पगारी. माझ्या बढतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुरस्काराच्या लोकांचं पत्र आलं की खेळाचा 'प्रत्यक्ष परिणाम' त्यांच्या कुठल्याच वर्गवारीत बसत नाही.

सॉसेज रद्द. पण खुर्च्यांची मागणी जानेवारीतच गेली होती, त्या सकाळी ट्रक भरून आल्या. दोनशे बारा, निळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर '३६५ सुखरूप दिवस'. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. नोलीननं वाटून टाकल्या. दहा वाजता सगळं पटांगण निळं झालं होतं, आणि लोक त्या अक्षरांना पाठ टेकून चहा पीत होते.

लुपे तिची खुर्ची न्यायला आली होती. सुईपीच्या टेबलावर तिच्यासाठी जागा केली. पत्ते वाटले गेले. तिनं ते डाव्या हातानं उचलले, दोन खाली पडले, ती बघत राहिली.

मी लांब उभा होतो. स्मोकोत माझं काय काम. नोलीननं पायानंच एक रिकामी खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस तिच्या शेजारी. पत्ते धर."

मी बसलो, पत्ते पंख्यासारखे धरले. मला वाटलं चौकटची दस्सी टाकावी आणि तसं सुचवावं म्हणून तोंड उघडलं.

"नुसते धर," लुपे म्हणाली. "बोलू नकोस. बघ."

मी एका पत्त्यावर अंगठा ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. दुसऱ्यावर ठेवला. काही नाही. तिसऱ्यावर ठेवला, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

मी तो टाकला.